जयेशचा अमेरिकेतला खडा

डोंबिवलीच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक काका-काकू पोट धरून बसले होते.

"आपल्या जयेशनं अमेरिकेहून आणलेला खडा कुठाय?"

"देवघरात होता."

"होता?"

"पिंडीसारखा दिसायचा, म्हणून रोज अभिषेक घातला. झिजत गेला हो."

"वा! खारं तळं आटता आटता तयार झालेलं दुर्मिळ खनिज ते. हँक्साइट! जगात मोजक्या ठिकाणी सापडतं. ते तू एका श्रावणात संपवलंस."

"दगड विरघळतो, हे मला काय माहीत?"

"दगड नाही गं, मिठासारखा क्षार. पाणी लावू नका, असं जयेश ओरडून सांगत होता."

"देवाला कोरडं ठेवायचं?"

"छे, छे! आणि अभिषेकाचं पाणी?"

"तीर्थ म्हणून सगळ्यांना दिलं."

"तरीच खारट लागत होतं!"

"तरी दोनदा हात पुढे करत होतात."

"अगं, पोट साफ व्हायच्या औषधात असतो तसला क्षार आहे त्यात. डॉक्टरांना सांग, औषध घेऊनच आलोय."

"जयेश रविवारी येतोय. खडा मागितला तर?"

"समोरचा बाक दाखव. आपली अख्खी बी विंग बसलीय. प्रत्येकाच्या पोटात थोडा थोडा आहे."