अकराला चार मिनिटं कमी

मी, बाजारात सगळे ज्याला टेलरमास्तर म्हणतात तो, वय ७४ वर्षे, धंदा पूर्वी शिवणकाम, सध्या घरीच, राहणार कापडबाजारामागची तीन मजली इमारत, दुसरा मजला, आज मंगळवारी स्वतः पोलीस ठाण्यात हजर होऊन विचारल्यावरून सांगतो की,

वरील पत्त्यावर मी, माझी बायको वय ७१, मुलगा आणि सून असे चौघे राहतो. मुलगा आणि सून नोकरीला जातात. गेली दोन वर्षे बायकोच्या डोक्यातून गोष्टी निसटतात. पत्ता, मुलाचा फोन नंबर, स्वतःचं नाव, यातलं तिला कधी काय आठवेल याचा नेम नाही. घरात बसवली की ती दाराची कडी चाळवत राहते. बसमध्ये खिडकीशी बसवली की शांत असते. ज्येष्ठांना सकाळी अकरा ते दुपारी चार बसप्रवास फुकट आहे. म्हणून आम्ही रोज सात नंबरची बस धरतो, या टोकापासून त्या टोकाला जातो, परत येतो, पुन्हा जातो. ड्रायव्हरमागची दोघांची सीट आमची ठरलेली आहे. सून म्हणते, बाबा, तुम्ही बिनपगारी इन्स्पेक्टर झालात.

दोघांची ज्येष्ठ नागरिक कार्डं रबरबँड लावून माझ्या सदऱ्याच्या खिशात असतात. ती हरवेल म्हणून तिचं कार्ड मी तिच्याजवळ देत नाही. तिच्या कार्डामागे पत्ता आणि फोन नंबर लिहिलेला आहे. ते कार्ड आता तुमच्या टेबलावर आहे. म्हणजे तिच्या अंगावर ओळखीचं काहीही नाही.

मागच्या महिन्यात मी तिच्या झंपरच्या आत, मानेखाली, फोन नंबर लिहिलेली कापडी पट्टी शिवली होती. तिने तीस वर्षं माझ्या दुकानात काजं केली आणि गुंड्या लावल्या. तिला ती पट्टी बोटाला लगेच कळली. नखाने टाका टाका उसवून तिने ती माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "मी काय धोब्याकडे टाकायचं कापड आहे?" त्यानंतर मी पुन्हा शिवली नाही. शिवायला हवी होती.

आज आम्ही बाजाराच्या स्टॉपवर पुढच्या दाराने बसमध्ये चढलो. नेहमीचा कंडक्टर रजेवर होता, नवा होता. मी कार्डं दाखवली. तो म्हणाला, "आजोबा, अकराला चार मिनिटं कमी आहेत. अकराच्या आधी हे मशीन शून्याचं तिकीट काढत नाही. दोन अर्धी काढा, नाहीतर मागून येणाऱ्या बसने या." माझ्या घड्याळात अकरा वाजून एक मिनिट झालं होतं. मी ते त्याच्यापुढे धरलं. तो म्हणाला, "तुमच्या घड्याळावर माझी नोकरी चालत नाही. चेकर चढला तर मला घरी बसवतील." आमची बोलाचाली झाली. मागून एक प्रवासी म्हणाला, "फुकट ते पौष्टिक, आणि वर तोरा." त्यावर बसमधले काही लोक हसले.

पुढचा स्टॉप पोस्टाचा आहे. पोस्टाच्या इमारतीवर मोठं घड्याळ आहे. ते कंडक्टरला दाखवावं म्हणून मी तिथे खाली उतरलो. तेवढ्यात कंडक्टरने मुद्दाम घंटी मारून बस सोडली. बायको खिडकीच्या सीटवर बसलेली होती. त्या कंडक्टरविरुद्ध माझी तक्रार आहे.

मी मागच्या बसने शेवटच्या स्टॉपवर गेलो. तोवर ती बस परत फिरली होती. तिथल्या चहावाल्याने, रिक्षावाल्यांनी कोणीही एकटी म्हातारी बाई उतरलेली पाहिली नाही. परत येताना प्रत्येक स्टॉपवर उतरून विचारलं. स्वच्छतागृहांत आत कोणी आहे का ते बायकांकडून बघवून घेतलं. मुलाला फोन केला, तो दुसऱ्या बाजूने शोधतो आहे. मग इथे आलो.

विचारल्यावरून वर्णन सांगतो. उंची माझ्या खांद्याएवढी. छाती चौतीस, खांदा साडेतेरा, बाही नऊ, डावा खांदा अर्धा इंच उतरता, म्हणून त्या बाजूला मी आतून जास्त कापड धरतो. तिच्या अंगावर बारमाही स्वेटर असतो. तो कोणत्या रंगाचा, असं साहेबांनी विचारलं. मी राखाडी सांगितला. सुनेला फोन लावला तर ती म्हणाली, राखाडी थंडीतच फाटला, सकाळी जांभळा घातला होता. जांभळा लिहावा.

तिला साखरेचा त्रास आहे. सकाळी साडेदहाला गोळी दिली आहे. एक वाजेपर्यंत पोटात काही गेलं नाही तर तिला दरदरून घाम सुटतो, मग ती कुठेही आडवी होते. तिचा डबा माझ्या पिशवीत आहे. आता तुमच्या भिंतीवर एक वाजून वीस मिनिटं झाली आहेत. मला भीती वाटते आहे. साहेब लवकर लिहा, असं मी दोनदा म्हटलं, तेही लिहिलं तरी चालेल.

जबाब इथवर आला असता ठाण्याचा फोन वाजला. हवालदारांनी बोलून मला सांगितलं ते असं. बायको बसडेपोच्या कंट्रोल रूममध्ये आहे. तब्येत बरी आहे. ती शेवटच्या स्टॉपवर उतरायलाच तयार नव्हती, म्हणून कंडक्टरने तिला त्याच बसमध्ये परत आणलं आणि ड्यूटी संपल्यावरही तिच्याजवळ थांबला. त्याने स्वतःच्या डब्यातलं तिला खायला घातलं. दोन ठाण्यांत फोन करून मग इथे केला. तिला नाव सांगता आलं नाही. कार्ड विचारलं तर म्हणाली, "कार्ड ह्यांच्या खिशात आहे. ते घड्याळ बघायला उतरलेत. त्यांचं घड्याळ पाच मिनिटं पुढे असतं, तेवढं सांभाळून घ्या."

साहेब म्हणाले, मास्तर, मिटलं, आता जा. पण मी वर जे लिहवून घेतलं आहे त्यात दुरुस्ती करायची आहे, कारण ते तसंच राहिलं तर त्या कंडक्टरची नोकरी जाईल.

माझं घड्याळ पाच मिनिटं पुढे असतं हे मला बसमध्येही ठाऊक होतं. दुकानात गिऱ्हाइकांच्या वेळा चुकायच्या, तेव्हापासून मी ते तसं ठेवतो. कंडक्टरने घंटी मुद्दाम मारली नाही. तो दारातून वाकून म्हणाला होता, "आजोबा, चढताय ना?" मी त्याच्याकडे न बघता हाताने 'जा' अशी खूण केली. पोस्टाच्या घड्याळात अकराला दोन मिनिटं कमी होती. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. बस गेली आणि मी घड्याळाकडे बघत तिथेच उभा राहिलो, अकरा वाजेपर्यंत. वाजले तेव्हा मी उजवीकडे वळून म्हणालो, "झाले बघ अकरा." नेहमी ती माझ्या उजव्या हाताला असते.

ती दोन मिनिटं मी तिला विसरलो होतो. ती मला विसरली नाही. माझी कोणाविरुद्धही तक्रार नाही.

वरील जबाब हवालदारांनी मला सावकाश वाचून दाखवला. दुरुस्तीसह तो मी सांगितल्याप्रमाणे लिहिला आहे, म्हणून खाली सही करतो. जबाब संपल्याची वेळ ठाण्याच्या भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे टाकावी, माझ्या नाही.