पती ऱ्हस्व की दीर्घ

—नावाचंच विचारायला आलात ना? माझंच घालायचं हो, त्यात विचारायचं काय? कोड्याखाली एकच नाव छापतो असं तुमच्या संपादकांनीच कळवलंय ना, मग झालं तर. बसा. ती खुर्ची नको, तिचा पाय हलतो—इकडे बसा. आमची ही वाचनालयात गेलीय, येईलच. तिची मदत झाली, नाही कशाला म्हणू—शब्द तिनं दिले. म्हणजे सगळेच तिनं दिले. ते ओळखायच्या खुणा, त्याही तिच्याच. पण शब्द काय हो, कोशात पडलेलेच असतात. चौकट कोणी आखली? मी. पट्टी धरून. काळी घरं कोणी भरली? मीच. शब्द अडला की घर काळं—कचेरीत जन्मभर हेच केलं, मसुदा खालच्यानं करायचा, शेरा आणि सही माझी. ही म्हणाली, अहो, सगळंच काळं केलंत तर लोकांनी लिहायचं कुठे? आणि निम्मी घरं खोडून टाकली. खोडू दिली मी, मोठ्या मनानं.

भांडण? छे. वाद झाला एकदा, तोही 'पती'वरून. उभा शब्द, दोन घरं. मी लिहिलं 'पति', ऱ्हस्व. तिचा आडवा 'तीर'—नदीचा काठ—तो नेमका त्याच घरातून निघणारा. आता एका घरात पहिली आणि दुसरी वेलांटी एकदम कशी नांदणार? मी म्हटलं, तुझा काठ ऱ्हस्व कर. ती म्हणते, काठ होत नाही, तुम्हीच दीर्घ व्हा. मी म्हटलं, 'पतिव्रता'मध्ये ऱ्हस्वच असतो, मला शिकवू नकोस. तर शांतपणे म्हणते कशी—तो समासात सापडला म्हणून. एकटा असला की दीर्घ. हसताय काय? व्याकरण आहे ते. मी अबोला धरला. दुसऱ्या दिवशी बघतो तर 'पती' कोड्यातून गायब, तिथे काळं घर. का, तर म्हणे, अडलं की काळं करायचं, तुमचीच पद्धत. मग काय करता—मुकाट्यानं खोडलं आणि दुसरी वेलांटी काढली.

खरं सांगू का, निवृत्त झाल्यापासून आमच्यात बोलणंच उरलं नव्हतं. विजेचं बिल भरलं का, दूध उतू गेलं का, संपलं. या कोड्यामुळे संध्याकाळी टेबलाशी समोरासमोर बसायला लागलो. ती विचारते, 'उदास'ला दुसरा शब्द सांगा, तीन अक्षरी—मी हमखास चुकीचा सांगतो, आणि ती हसते. हसते हो. मला वाटलं होतं, विसरली असेल. मला फार आवडतं ते. पुढच्या कोड्यासाठी मी नवी पट्टीसुद्धा आणून ठेवलीय—

काय म्हणालात? तिला भेटायला आलात? मला वाटलं, मला. तिनं फोन केला होता—नावाबद्दल? माझंच घाला म्हणाली? बघा, मी म्हणत नव्हतो? तशी समजूतदार आहे ती. मग अडलंय कुठे? पुढची कोडी... हो, करू की, दोघं मिळून—

एकटी? तसं म्हणाली? तिच्या नावानं, आणि वाचनालयात बसून?

मग असं करा, माझं नाव खोडा. खोडा म्हणतो ना, याच कोड्यावर तिचं घाला, खाली, वर, कुठेही घाला. छापून झालं? कधी?

बरं. नाही, इथे थांबून उपयोग नाही, ती उशिरा येते हल्ली. वाचनालय कोपऱ्यावर, उजव्या हाताला. जाताना दार तेवढं ओढून घ्या.