कॉम्रेडना लागलेला चिखल

सभेचे अध्यक्ष आदरणीय श्यामरावजी, व्यासपीठावर दाटीवाटीने बसलेले मान्यवर, सत्कारमूर्ती कॉम्रेड जागेश्वर, आणि तेंदूपत्ता घरी ठेवून आलात तरी बोटं अजून विडी वळतच आहेत, अशा माझ्या भगिनींनो,

मी पडलो वार्ताहर. शिक्षण संस्कृत पाठशाळेतलं. तुमची दुःखं मी चार ओळींत बसवतो आणि पेपरवाले त्यातल्या दोन कापतात. आज कापणारं कोणी नाही, तेव्हा सावध राहा.

पवनीच्या विडी युनियनचं सेक्रेटरीपद कॉम्रेड आज खाली ठेवत आहेत. त्यांच्या अभ्यासवर्गाला मी बातमीसाठी म्हणून गेलो आणि चहासाठी जात राहिलो. तिथं कळलं की जगात वर्ग दोनच: साधनं ज्याच्या हाती तो मालक, आणि हात हेच ज्याचं साधन तो कामगार. पाठशाळेत आम्हाला सृष्टी मांडायला पंचवीस तत्त्वं लागायची. इथं दोनांत भागलं!

पुढं एका ठेकेदाराच्या जावयाला बाहेर ठेवायला कॉम्रेडनीच नियम करून घेतला: ज्याच्या हाताखाली रोजदार राबतो, त्याला युनियनमध्ये पद नाही. टाळ्या झाल्या. सर्वांत मोठ्यानं कोणी वाजवल्या? अध्यक्षमहाराज, आपणच ना?

पण कॉम्रेड स्वतःही कोणाचे तरी जावई होतेच. सासऱ्यांनी कोंढा गावात धानाची दोन शेतं, दोन बांध्या, त्यांच्या नावे करून ठेवल्या होत्या. पावसाळ्यात विडी सर्दावते, काम मंदावतं, आणि युनियनच्या बायका धानाची रोपं लावायला, रोवणीला जातात. त्या वर्षी त्या नेमक्या या बांध्यांत उतरल्या. मजूर बोलावले मेहुण्यानं, त्यामुळे गुपित टिकलं. शेवटच्या दिवशी मात्र कॉम्रेडना राहवेना. हिरवं रान बघायला छत्री घेऊन बांधावर आले. सोबत मी.

आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. रोवणी संपली की मालकाला चिखल फासायचा आणि जेवण कबूल केल्याशिवाय सोडायचं नाही. रोवणाऱ्यांतल्या बायजाबाई चिखलानं ओंजळ भरून पुढे आल्या.

"कामरेड, मालक तुम्हीच का जी?"

"छे, छे! मी आपला सहज आलो."

"मंग हे धान कोनाचे? मालक नाही म्हनता तं आमीच कापून नेतो!"

पाहा पेच! हो म्हणावं तर पद जातं, नाही म्हणावं तर धान. 'नेति नेति' उपनिषदात चालतं हो, बांधावर नाही. कॉम्रेडनी छत्री मिटली. चष्मा काढून खिशात ठेवला.

"लावा," म्हणाले. "मालक मीच. पद उद्या सोडतो."

बायजाबाईंनी दोन्ही गाल चुलीसारखे नीट सारवले आणि मग म्हणाल्या, "पद कायले सोडता? कारखान्याचा मालक नागपूरले राहाते, दिसतबी नाही. भांडाले हात बसला पायजे ना! तुम्ही तं घरचेच मालक."

पद राहिलं. तेव्हापासून अभ्यासवर्गात भांडणाच्या सरावाला कॉम्रेड मालकाच्या खुर्चीत, बायका समोर. चांगल्या विड्या खराब ठरवायच्या आणि तरी ठेवून घ्यायच्या, या छाटीच्या रीतीवर त्यांनी कॉम्रेडना इतकं झोडपलं, की खरा मालक बोलणीला आला तेव्हा तो त्यांना फारच मवाळ वाटला. छाट बंद झाली. बातमी मीच दिली. पेपरवाल्यांनी चिखल कापला.

उद्यापासून कॉम्रेड कोंढ्याला शेती करणार. म्हणजे त्यांच्याच सिद्धांताप्रमाणे आज आपण शाल-श्रीफळ देऊन आपला माणूस शत्रुपक्षाच्या स्वाधीन करतो आहोत! करताना मन मात्र धजत नाही. हरल्यावर सगळ्यांना चहा सांगणारा मालक आता आपल्याला कुठं मिळायचा?

बोलावलंत, ऐकून घेतलंत, आभारी आहे. जीभ कुठं सैल सुटली असेल, तर तो दोष पाठशाळेचा नव्हे, अभ्यासवर्गाचा समजून पोटात घाला.

जाता जाता एक. पहिल्या रांगेत बायजाबाई पदराखाली लोटा झाकून बसल्या आहेत. फुलं आहेत का म्हणून मघाशी विचारलं, तर म्हणाल्या, "शाल तुम्ही घाला जी, आमचं आमी लावतो."

कॉम्रेड, कोंढ्याची रोवणी कालच आटोपली म्हणतात. चष्मा काढून ठेवा.