बाटलीतलं तेल

रिपोर्ट चांगला आला म्हणून लगेच पेढे वाटू नका रे, आधी आमच्या मल्लप्पा अण्णांचं ऐका.

मोहोळजवळच्या कारखान्यात आम्ही बरोबर होतो. तिथलं वीज तयार करणारं मोठं गॅस इंजिन अण्णांच्या ताब्यात असायचं. लेकीसारखं जपायचे. त्यातल्या तेलाची बाटली अण्णा स्वतः भरून तपासणीला पाठवायचे आणि दर वेळी उत्तर यायचं, तेल उत्तम आहे, बदलायची गरज नाही. मग आम्हीही बदलत नव्हतो.

एका दुपारी इंजिन खडखडलं आणि जाम झालं. उघडलं तर बेअरिंग पार झिजलेलं आणि तळाशी डांबरासारखा गाळ.

मी विचारलं, "अण्णा, मग रिपोर्ट एवढे चांगले कसे येत होते?"

"बाटलीत निम्मं नवं तेल वतायचो की. आपल्या इंजिनाचं काळं तेल परक्याला कशाला दावायचं?"

इंजिन भंगारात गेलं. अण्णा घरी बसले.

परवा नवी पेठेत भेटले. काठी टेकत चालत होते, डायबेटिसनं पायाचा अंगठा गेलेला.

मी म्हणालो, "अण्णा, शुगर तपासत नव्हता व्हय?"

"तपासायचो की! लई चांगली यायची. तपासणी जवळ आली, की भात आन् गोड एकदम बंद करायचो..."

बोलता बोलता अण्णा थांबले. माझ्याकडं बघत राहिले. माझी नजर त्यांच्या पायाकडं गेली.