हिरव्या पुडीची माफी

…आणि वर मलाच म्हणतात, "तुझ्यामुळे झालं!" माझ्यामुळे? अहो, तुम्हीच सांगा, मी मक्याचा खाऊ खाल्ला म्हणून डोळ्याचं मशीन बंद पडतं का? खाऊ माझ्या पोटात, मशीन भिंतीला टेकलेलं, दोघांचा संबंध काय? तुम्ही मान हलवताय, पण ती हो म्हणून की नाही म्हणून ते काही कळेना मला, आणि या अख्ख्या लुकांग गावात आता कुणाच्याच मानेवर माझा भरवसा उरलेला नाही!

मी शाओ बून-हाय. देवळामागच्या गल्लीत स्कूटर दुरुस्तीचं दुकान आहे माझं. गाडी बंद पडली की मी प्लग बघतो, पेट्रोल बघतो, चेन बघतो. ग्रह बघत नाही! पण ज्याची त्याची श्रद्धा, मी काही बोलत नाही.

तर आमची आई. जन्मभर मासळी विकली, आवाज असा की बंदरावरची बोट परत फिरेल. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. आता तिला आयुष्यात दुसरी काही हौस नाही, रोज दुपारी चार बायका मिळून माजाँग खेळतात तेवढंच. हातातले ठोकळे ती अंगठ्यानं चाचपून ओळखते हो, पण टेबलावर पडलेले दिसत नाहीत ना! आणि समोर कोण, तर शेजारची ल्याओकाकू. ती बया टाकलेला ठोकळा उचलून परत हातात घ्यायची, आणि आईला वर विचारायची, "काय गं, तुझं नशीब आजकाल फिरलंय का?" आई घरी येऊन रडायची. म्हणायची, "बून-हाय, मला जग नको बघायला. त्या बाईचे हात दिसले की बास."

साधं काम की नाही? डॉक्टर आहे, हॉस्पिटल आहे, आईचा डोळा आहे. पण आम्हा चार भावंडांत एका मताचे दोन सापडायचे नाहीत! दादा पंचांगवाला. केस कापायचे तरी पंचांग बघणार. मी तारीख आणली की हा बोट ठेवणार, "हा दिवस छप्पर घालायला चांगला, डोळ्याला वाईट." अरे, घाल मग छप्पर! दुसरी तारीख आणली तर सातवा महिना लागलेला. "सातव्यात पाताळाची दारं उघडी असतात, भुतं मोकळी सुटतात, ऑपरेशनच्या टेबलाभोवती गर्दी करतात." म्हटलं, दादा, करू दे की गर्दी, तेवढाच आधार डॉक्टरला! तर आठ दिवस माझ्याशी बोलला नाही.

मग बहीण, ब्यी-युन. ती चर्चवाली. ती म्हणते, "भुतंबितं सगळं थोतांड." मी म्हटलं, वा, एक तरी शहाणी निघाली! तर पुढे म्हणते, "पण आईच्या गळ्यातली ती मात्सूदेवीची लाल थैली आधी काढ, मगच मी प्रार्थना करीन. आणि सोमवार नको, पाद्रीबाबा सोमवारी नसतात." आणि सगळ्यात धाकटा त्येक-सिन, तो शाकाहारी मठात जातो, कांद्यालासुद्धा शिवत नाही. तो आईला तोंडावर सांगतो, "तू जन्मभर मासे कापलेस ना, त्यांचे शाप साठलेत डोळ्यांत. आधी मांसमच्छी सोड." आई म्हणाली, "मेल्या, त्याच माशांवर पोसलास तू! तुझे डोळे बरे शाबूत?" पण मनातून घाबरली हो. त्या दिवसापासून ताटातली कालवं बाजूला सारायला लागली.

मला सांगा, माणूस असा का असतो? दादाला ब्यी-युनचं येडेपणाचं वाटतं, ब्यी-युनला त्येक-सिनचं, त्येक-सिनला दोघांचंही, आणि तिघं मिळून म्हणतात, बून-हायचा कशावर विश्वासच नाही, बिचारा! मी बिचारा? प्रत्येकाला दुसऱ्याच्या डोक्यातलं भूत बरोब्बर दिसतं, आपल्या डोक्यातलं म्हणजे मात्र देव! पण जाऊ दे, ज्याची त्याची श्रद्धा, मी काही बोलत नाही.

शेवटी मीच बोंबललो. म्हटलं, आई आंधळी झाली तर तुमच्या तिघांच्या देवांना मी माझ्या दुकानात उलटं टांगीन! तेव्हा कुठे एक दिवस ठरला. आणि आईनं मला बाजूला घेऊन सांगितलं, "हे बघ, मी एकदाच हिंमत करणार. त्या दिवशी काही खोट निघाली, तर मी घरी येईन, आणि परत त्या दारात पाऊल ठेवणार नाही." आणि आमची आई जे बोलते ते करते. बाबांशी एकदा अबोला धरलेला, तो त्यांच्या अंत्ययात्रेलाच… नाही, ते राहू दे. मुद्दा असा, की आज नाही तर कधीच नाही.

तर हॉस्पिटल. आईच्या गळ्यात लाल थैली, एका मुठीत क्रूस, दुसऱ्या मनगटात त्येक-सिनची माळ. नर्स फांग म्हणाली, "आजी, एवढं सगळं घेऊन आत नाही जाता येणार." झालं! आधी कोणाचं काढायचं, यावरून तिघांची पॅसेजमध्ये जुंपली. दादा म्हणतो थैली शेवटी, ब्यी-युन म्हणते थैली आधी, त्येक-सिन डोळे मिटून पुटपुटतोय, आणि मधे खुर्चीवर आई, डोक्याला ती कागदी टोपी, डोळ्यांत औषध घातलेलं, एवढीशी दिसत होती हो! माझं डोकं असं तापलं, असं तापलं! सकाळपासून पोटात काही नाही, कारण आज सगळ्यांचा उपास म्हणून त्येक-सिननं घरात चूल पेटू दिली नव्हती. आणि समोर चाकांवर ते डोळ्याचं मशीन, आत न्यायला उभं केलेलं, आणि त्याच्या डोक्यावर मक्याच्या खाऊची हिरवी पुडी.

आता मला माहीत नव्हतं असं नाही! आपल्याकडे कुठल्या मशीनवर ती पुडी नसते? बँकेत असते, कारखान्यात असते. हिरवी पुडी ठेवली की मशीन शहाण्या पोरासारखं वागतं म्हणे. पण मी म्हटलं, इथंसुद्धा? जिथं माणसाचा डोळा उघडतात तिथंसुद्धा? फोडली पुडी, आणि तिघांच्या तोंडाकडे बघत बघत खाल्ली. सगळी! तळाचा चुरासुद्धा.

मशीन आत गेलं. आई आत गेली. आणि थोड्या वेळानं नर्स फांग बाहेर. चेहरा पांढराफटक. "मशीन सुरू होत नाहीये… वरची पुडी कुणी घेतली?"

तुम्हाला सांगतो, ज्या तिघांचं जन्मात कधी जमलं नाही, त्यांची तीन बोटं एका क्षणात माझ्याकडे! देव एक का अनेक, यावर एकमत नाही. मेल्यावर माणूस कुठं जातो, यावर नाही. पण मक्याच्या पुडीवर? एकमत! दादा म्हणतो, "वाटलंच मला." त्येक-सिन म्हणतो, "भूक आवरत नाही, त्याचं हे फळ." ब्यी-युनला म्हटलं, अगं बाई, तू तरी! तुझ्या धर्मात चालतं का हे? तर म्हणते, "हा धर्माचा प्रश्न नाहीये, हा मशीनचा प्रश्न आहे!" मी डॉक्टरकडे धावलो. डॉक्टर ज्येन, परदेशात शिकून आलेला, भिंतीवर प्रमाणपत्रंच प्रमाणपत्रं. म्हटलं, डॉक्टर, तुम्ही शिकलेले, सांगा यांना! त्यानं चष्मा पुसला, म्हणाला, "शाओसाहेब, हिरवीच होती ना?"

मी म्हटलं, फ्यूज बघा! वायर बघा! मला पाना द्या, मी उघडतो! तेवढ्यात आतून आईचा आवाज. "बून-हाय… माझ्या चपला दे. मला घरी ने."

संपलं. पळालो. दुकानात पिवळी पुडी मिळाली, धापा टाकत घेऊन आलो, तर नर्स अशी किंचाळली जशी मी साप आणलाय. "पिवळी नको! पिवळ्यानं मशीन जास्त बिघडतं!" परत पळालो. हिरवी मिळाली, तर दादा तारीख बघून म्हणतो, "मुदत संपलीय." अहो, पंचांग राहिलं बाजूला, हा आता खाऊच्या तारखा बघतोय! परत पळालो. शेवटी चांगली, ताजी, हिरवी पुडी आणली, नर्सच्या हातात द्यायला गेलो, तर म्हणते, "ज्यानं खाल्ली त्यानंच ठेवायची. आणि दोन शब्द बोला त्याच्याशी."

बोला? मशीनशी? मला निळा झगा चढवला, आत नेलं. आई टेबलावर उठून बसलेली, पाय खाली सोडून चपला शोधतेय. ते बघितलं आणि… माझा ताठा गेला हो. पुडी ठेवली, हात जोडले, कमरेत वाकलो आणि म्हणालो, "चुकलं माझं. आईचं काम आहे, एवढं करा."

आणि टुंग करून दिवा लागला. चालू!

मागच्या बाजूला तो टेक्निशियन वाकून वायर दाबत होता! मी पाहिलं, या डोळ्यांनी पाहिलं! ओरडून सांगितलं सगळ्यांना. ऐकतंय कोण? पण ज्याची त्याची श्रद्धा, मी काही बोलत नाही!

ऑपरेशन झालं, दुसऱ्या दिवशी पट्टी सुटली. आईला लख्ख दिसायला लागलं. त्याच दुपारी तिनं ल्याओकाकूचं मनगट धरलं, ठोकळ्यासकट! गल्लीभर आरडाओरडा, आई पाच वर्षांनी लहान झाली. आणि घरी तिघं श्रेय वाटून घेतायत, मुहूर्त माझा, प्रार्थना माझी, शाकाहार माझा. आई म्हणाली, "गप्प बसा. मी आत फार घाबरले होते. ज्याचं ज्याचं नाव आठवलं त्याला त्याला नवस बोलले. मात्सूच्या पालखीबरोबर चालत जाईन म्हटलं, येशूला म्हटलं वर्षभर दर रविवारी येईन, आणि बुद्धाला म्हटलं दर प्रतिपदेला नि पौर्णिमेला मासळी बंद."

मी म्हटलं, बरं मग, फेड.

"मी? मला दुपारी खेळायचं असतं! पोरानं फेडला तरी चालतो."

मी तिघांकडे हात केला. आई म्हणाली, "दादा चर्चची पायरी चढेल का? ब्यी-युन उदबत्ती धरेल का? त्येक-सिन तर पालखीपुढं नैवेद्याला कापलेलं डुक्कर बघून घेरी येऊन पडेल. तुला बाबा कुणाचंच वावडं नाही."

तेव्हापासून चाललंय. पालखीमागं पायाला फोड येईपर्यंत चाललो. काल पाद्रीबाबा सगळ्यांसमोर म्हणाले, बून-हायसारखा नियमित माणूस दुसरा नाही. आणि आज पौर्णिमा, म्हणून तुमच्यासमोर हा उकडलेला कोबी खातोय. त्या तिघांना एकेक देव आहे, म्हणून ते सुटले. मला एकही नाही, म्हणून सगळे माझ्या बोकांडी!