सोड

—नाय गो प्रतीक्षा, पाय घसरला हे पोलिसांना सांगायचं असतं, गावाला सांगायचं असतं. तू जनूची पोर, तुझ्याशी कशाला खोटं बोलू? बाराव्याचं जेवण झालं, पाहुणे गेले, आता खाडीच्या या बांधावर ऐकायला कोण नाय — तर ऐक. तुझ्या बापाला मी सोडवला. मारला नाय, सोडवला. दोन्हींत फरक हाय, पण तो कळायला माणसाचं हागणंमुतणं काढायला लागतं. कोणी काढलं? तू? तू रोह्याला, कंपनीत, शिफ्ट हाय काका, सुट्टी नाय काका — नि रविवारी व्हिडीओ कॉल लावून पप्पा हसा, पप्पा हसा. अर्धं तोंड वाकडं झालेल्या माणसाला हसायला सांगायचीस, लाज नाय वाटली? तुझा फोन बंद झाला की लाळ पुसायला होताच हा सखाकाका. रडू नको. आता रडून काय उपयोग.

चाळीस वर्षं एका मिठागरात मीठ ओढलं आम्ही, एका डब्यात जेवलो. लकव्यानं पाडला त्याला, चौदा महिने खाटेवर. तोंडात एकच शब्द उरलेला — सोड. पेज भरवली तरी सोड, कूस बदलली तरी सोड. डॉक्टर म्हणाला, असं होतं, एखादा शब्द अडकून राहतो, त्याला अर्थ नसतो. त्याला काय कळतंय? जन्माचा दोस्त मी. सोड म्हणजे सोडव, सखा, या हालांतून सोडव. — काय? दुसरं बोलायला लागलेला? व्हय, आदल्या आठवड्यात पाणी म्हणाला एकदा. पायाचा अंगठापण हलवला. त्यानं काय होतंय? अंगठ्याच्या जोरावर माणूस उठतो काय? आणखी पाच वर्षं काढली असती त्यानं अशीच, नि मी कुठं जाणार होतो, माझी पाठ गेली, माझं घर — ते जाऊ दे. मी त्याच्या हालांचं बोलतोय, माझ्या नाय.

त्या दिवशी सकाळी भरती होती. पाठीवर घेतला नि इथंच आणला, या पायरीवर. खाडी बघून खूश झाला गो, लहान पोरासारखा खूश झाला. आंघोळ घालतो म्हटलं. छातीभर पाण्यात नेला, काखेत हात घालून धरलेला, तो म्हणाला सोड, मी सोडला. एवढंच झालं.

परत कशाला विचारतेस? तीनदा म्हणाला. चारदा असेल. पहिल्यांदाच का नाय सोडला — अगं, मान वर येत होती ना त्याची. काखेत? बरं, काखेत नाय, मग मानेला धरलेलं असेल, अशा वेळी काय ध्यानात राहतं काय? कसं म्हणजे काय, आता दाखवू तुला? दे हात. ठेव माझ्या मानेवर, मागून. हां. मी असा खाली वाकतो पाण्याकडं — दाब जरा, एवढं हलकं नाय, जनूच्या अंगात ताकद होती, एका हातानं माझं मनगट धरून ठेवलेलं त्यानं, हे बघ वळ, नखं रुतलेली. बस, असंच. बघितलंस ना, झालं तुझं समाधान? आता काढ हात.

काढ म्हणतो ना. गुडघे धड नायत माझे, तोल जाईल. पाणी चढतंय, चेष्टा नको. प्रतीक्षा, सोड. अगं सोड. — अजून दाबतेस काय? साधा शब्द हाय, तेवढा कळत नाय तुला? सोड म्हणजे—