मिस आर्डिथच्या एका तासाचं अनुदान

...टक्क्यांत! अहो, टक्क्यांत विचारतात! 'आपल्या प्रकल्पामुळे गावातला वर्णद्वेष किती टक्क्यांनी कमी होईल?' आता काय सांगू? तो काय ताप आहे, काखेत थर्मामीटर लावला आणि बघितला? मी लिहिलं, 'थोडा'. अर्ज परत! मग लिहिलं, 'बऱ्यापैकी'. अर्ज परत! शेवटी वैतागून 'तीस' लिहिलं, तर लगेच फोन, 'व्वा मिस्टर जार्विस, फारच सुंदर!' तीस! कुठून आले तीस? इथून, या टकलातून!

नाही, पण पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, म्हातारा उगाच सरकारच्या नावानं बोटं मोडतोय. मी अल्विन जार्विस. जन्मभर या कटलर्स कोव्हमध्ये शाळेची बस चालवली, आता निवृत्त, आणि निवृत्त माणूस जरा रिकामा दिसला की लोक त्याला सेक्रेटरी करतात, तसा मी आमच्या चर्चच्या मंडळाचा सेक्रेटरी.

तर झालं काय, माझी नात केझिया, तिसरीत. शाळेत म्हणे, 'आपापल्या देशाचा झेंडा आणा' असा दिवस. कुणी स्कॉटलंडचा आणला, कुणी आयर्लंडचा, आणि ही गेली हात हलवत! का, तर आम्ही इथलेच. अहो, आमचे काळे पूर्वज नोव्हा स्कोशियाच्या किनाऱ्यावर उतरले तेव्हा कॅनडा नावाचा देशसुद्धा नव्हता! पण शेजारच्या बाकावरचा डंकन म्हणाला, 'मग जा तुझ्या देशात परत, आणि घेऊन ये झेंडा.' पोरगी घरी आली, जेवायला बसली आणि मला विचारते, 'आजोबा, आपला देश कुठला?'

गेलो मुख्याध्यापिका बाईंकडे. त्या म्हणाल्या, 'मुलं आहेत हो, बोलतात.' मी म्हटलं, 'बोलतात ना, मग कुणीतरी मुलांशीही बोलायला हवं!' तर म्हणाल्या, 'जरूर! सरकारमान्य उपक्रम असेल तर एक तास देते.'

आता बोलणारं माणूस आमच्याकडे तयार. मिस आर्डिथ क्लाईक. ऐंशी ओलांडली तरी कणा ताठ, अख्ख्या वस्तीला हिनं रविवारी बायबल शिकवलेलं, मी अजून तिच्यासमोर टोपी काढतो. पूर्वी इथं काळ्या मुलांची शाळा वेगळी होती ना, त्या शाळेत शिकलेली. ती म्हणाली, 'अल्विन, पोरा, मला एक खुर्ची दे आणि एक तास दे. काकवीची बिस्किटं मी करून आणते.'

एक खुर्ची, एक तास! यात सरकार कुठं आलं? पण नाही, सरकारमान्य हवं! म्हणून अनुदानाचा अर्ज. म्हणून ती फोनवरची अधिकारी बाई, ब्रॉनविन. आवाज असा की मधात बुडवून काढलेला. 'मिस्टर जार्विस, पैसे तयार आहेत! फक्त एवढंच, की तुमच्या नगरसेवकाचं पाठिंब्याचं पत्र हवं.'

फक्त एवढंच! आमचा नगरसेवक कोण, तर लॉर्न मॅकआयझॅक. हार्डवेअरचं दुकान. लहानपणी आम्ही एकाच गोठलेल्या तळ्यावर हॉकी खेळलेलो. त्यानं चष्मा लावला, पत्र वाचलं, चष्मा काढला. 'अल्विन, आपल्या गावात वर्णद्वेष नाही. जे नाही ते घालवायला मी पाठिंबा कसा देऊ?' मी म्हटलं, 'नाही?' 'नाही! तूच सांग, तू काळा आहेस हे माझ्या कधी लक्षात तरी आलंय का?' 'लॉर्न, तू जन्मभर मला मध्यरात्र म्हणून हाक मारतोस!' 'अरे, ते प्रेमानं!'

आता या प्रेमाला काय करायचं सांगा! वर म्हणतो, 'तो शब्द काढ, त्या जागी सलोखा घाल, लगेच सही करतो.' मी ब्रॉनविनला फोन केला. ती म्हणाली, 'सलोख्याचं खातं वेगळं, आणि ते बंद झालं. वर्णद्वेषाचे पैसे तयार आहेत! फक्त एवढंच, की तो शब्द पत्रात हवा.' म्हणजे शब्द असला तर हा सही करत नाही, शब्द नसला तर ती पैसे देत नाही! आणि मी दोघांच्या मध्ये, टेनिसच्या जाळीसारखा!

शेवटी मिस आर्डिथ म्हणाली, 'चल, मला दुकानात ने.' नेलं. खिळ्यांच्या खोक्यांशेजारी खुर्ची ओढून बसली. 'लॉर्न, बर्फ काढायची गाडी आमच्या वस्तीच्या वळणावरून माघारी का वळते रे?' लॉर्न म्हणाला, 'ते... रस्ता अरुंद आहे, मिस आर्डिथ.' 'तुमच्या मॅकआयझॅकांच्या गोठ्याकडे जाणारा त्याहून अरुंद आहे. तिथे जाते. तुझे वडील नगरसेवक होते तेव्हाही जायची.' लॉर्न खोक्यातले खिळे चाळायला लागला. मिस आर्डिथ म्हणाली, 'मी भांडायला नाही आले. तू म्हणालास ना नाही म्हणून, तर म्हटलं, कदाचित तुला दिसलं नसेल.' ...लॉर्ननं सही केली. वर मला दारापर्यंत सोडायला आला आणि हळूच म्हणाला, 'अल्विन, ते मध्यरात्र... तुला लागायचं का रे?' मी म्हटलं, 'रोज.' त्यानं मान खाली घातली. पहिल्यांदाच बघितली त्याची खाली गेलेली मान.

झालं की नाही काम? छे! ब्रॉनविनचा फोन! 'अभिनंदन, मंजूर झालं! पैसे तयार आहेत! फक्त एवढंच, की शिकवणाऱ्या व्यक्तीकडे प्रमाणपत्र हवं. आणि हो, बिस्किटं अनुदानात बसत नाहीत.' प्रमाणपत्र कशाचं? तर वर्णद्वेष म्हणजे काय हे समजल्याचं! मिस आर्डिथला!

टोरंटोहून प्रशिक्षक आला, प्रेस्टन नावाचा. कोवळं पोर, चांगला होता बिचारा. चर्चच्या तळघरात पडद्यावर चित्रं दाखवत म्हणाला, 'वर्णद्वेष म्हणजे काय, कुणी सांगेल?' मिस आर्डिथनं हात वर केला आणि त्यांच्या शाळेतल्या शेगडीचं सांगायला लागली, शाळेला सरपण मिळायचं नाही म्हणून पोरं घरून काखेत एकेक ओंडका कशी घेऊन यायची ते... प्रेस्टन म्हणाला, 'छान! वैयक्तिक अनुभव आपण जेवणानंतर घेऊ.' मग परीक्षा, कॉम्प्युटरवर. 'आपल्यासमोर कुणी वर्णद्वेषी बोललं, तर सर्वात आधी काय कराल?' बरोबर उत्तर होतं, दीर्घ श्वास घ्या. मिस आर्डिथनं लिहिलं, त्याच्या आईला फोन करा.

नापास! अहो, मिस आर्डिथ क्लाईक वर्णद्वेषात नापास! आणि मी? मी पास! मी सगळीकडे दीर्घ श्वास लिहिला होता, कारण तोवर मला दुसरं काही सुचतच नव्हतं!

प्रेस्टन मला म्हणाला, 'मग तुम्ही शिकवा.' मी? मी बस चालवणारा माणूस, माझं जन्मभराचं भाषण म्हणजे 'खाली बसा रे!' मी हात जोडले. तेव्हा त्यानं नियमांचा कागद काढला, दोनदा वाचला, मान खाजवली. 'यात एवढंच म्हटलंय, की प्रमाणित प्रशिक्षक वर्गात हजर हवा. त्यानंच बोलायला हवं असं कुठं आहे?' आणि तासाच्या दिवशी तो स्वतःच तिसरीच्या वर्गात, मुलांच्या त्या बुटक्या खुर्चीवर, गुडघे हनुवटीला लावून गपचूप बसला, बिस्किट खात.

मिस आर्डिथ बोलली. शेजारच्या पेगीबद्दल. गोरी पेगी, हिची जिवलग. दोघी सकाळी हातात हात घालून निघायच्या, फाटा आला की पेगी रंगवलेल्या शाळेत, ही गळक्या शाळेत. दुपारी परत त्याच फाट्यावर भेट. आणि तो डंकन, तोच, हात वर करून विचारतो, 'मग पेगी काय म्हणायची?'

'काही नाही,' मिस आर्डिथ म्हणाली. 'अजूनपर्यंत काही म्हणाली नाही. अजून इथंच राहते. दुकानात भेटते, हवेबद्दल बोलते.'

...मला, तुम्हाला सांगतो, खिडकीबाहेर बघावं लागलं.

घंटा झाली तसा डंकन केझियाजवळ आला. 'मग तुझा झेंडा कुठला?' आमची पोरगी म्हणाली, 'इथलाच, गाढवा!' त्यानं जरा विचार केला आणि म्हणाला, 'मग आणला का नाहीस?' आणि दोघं गेले खेळायला! बस्स, एवढंच हवं होतं की हो मला! एक खुर्ची, एक तास!

मी लगेच ब्रॉनविनला कळवलं, म्हटलं, शेजारच्या गावच्या शाळांनीही बोलावलंय, मिस आर्डिथ हो म्हणतेय, तेव्हा पुढच्या वर्षी हेच पुन्हा करू. तिला अक्षरशः गहिवरून आलं. 'मिस्टर जार्विस, किती सुंदर! पैसे तयार आहेत! फक्त एवढंच, की जे एकदा झालं त्याला पुन्हा अनुदान मिळत नाही. काहीतरी नवीन हवं.'

मी आधी दीर्घ श्वास घेतला, प्रमाणपत्र आहे माझ्याकडे. मग म्हटलं, 'बाई, नवीन वर्णद्वेष मी कुठून आणू? आमच्याकडे अजून जुनाच चालू आहे!'